पत्र्यावरची वीज : आधी हिशेब, मग सौदा

नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव या बाजारपेठांत दुकानांच्या गच्चीवर आणि वर्कशॉपच्या पत्र्यावर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. विजेच्या बिलाने बेजार झालेला व्यापारी शेजाऱ्याचे छप्पर पाहतो आणि आपणही बसवावे असे त्याला वाटू लागते. मग कंपनीचा माणूस येतो, टेप लावून छप्पर मोजतो आणि सांगतो, "तुमच्या जागेत पंधरा किलोवॅट आरामात बसेल, चार वर्षांत पैसे वसूल." कोटेशन टेबलावर राहते आणि घरात चर्चा सुरू होते.

हा माणूस खोटेच बोलतो असे आमचे म्हणणे नाही. पण तो छप्पर मोजून गेला, धंदा मोजून गेला नाही. सोलरचा नफा-तोटा मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो : उन्हाच्या वेळेत आपण किती वीज वापरतो. हा आकडा तुमच्या घरात आहे, कंपनीकडे नाही. म्हणून चार-आठ लाखांचा व्यवहार करण्यापूर्वी हा हिशेब ज्याचा त्याने स्वतः करावा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. वर्षभराची बिले, टेप, वही आणि दोन-तीन दिवसांची सवड एवढे पुरे.

राळेगणसिद्धीत काय पाहिले गेले

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. पहिल्या प्रयोगासाठी दोन गावे निवडली गेली : पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी. कल्पना साधी होती. शेतीपंपांना रात्री वीज देण्यापेक्षा गावाजवळच सौर प्रकल्प उभारावा, त्याची वीज जवळच्या उपकेंद्रात सोडावी आणि पंप दिवसा चालवावेत.

या योजनेमागचा विचार छोट्या धंद्यालाही लागू पडतो. पारनेर हा कमी पावसाचा तालुका, म्हणजे ऊन भरपूर. पंप दिवसा चालणार, म्हणजे ऊन आणि वापर यांची वेळ एकच. उपकेंद्र जवळ, म्हणजे जोडणी सोपी. ऊन, वापर आणि जोडणी या तीन गोष्टी जुळल्या की प्रकल्प व्यवहार्य होतो. आपल्या छपरासाठी याच तीन परीक्षा घ्यायच्या आणि चौथी पैशाची.

लाईट गेली की सोलरही बंद

परीक्षांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रीडला जोडलेला साधा सौर संच बॅटरीशिवाय असतो. दिवसा पॅनेलची वीज आधी आपल्या यंत्रांना जाते. उरली तर महावितरणच्या तारेत जाते, कमी पडली तर तारेतून येते. दोन्ही बाजूंचे युनिट नेट मीटर मोजतो.

पण तारेतील वीज गेली की हा संच आपोआप बंद पडतो, मग वर कितीही कडक ऊन असो. हा बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. ज्यांना वीज गेल्यावरही काम चालू ठेवायचे आहे त्यांना बॅटरीचा हायब्रीड संच लागतो आणि त्याचा खर्च बराच जास्त येतो. भारनियमनावर उपाय म्हणून जे साधा संच घेतात त्यांची निराशा ठरलेली आहे. हा संच बिल कमी करतो, जनरेटरची जागा घेत नाही.

पहिली परीक्षा : ऊन आणि सावली

उन्हाच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. पश्चिमेकडचा अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानने २००९ साली प्रसादालयासाठी ७३ आरशांची सौर वाफेची यंत्रणा बसवली. ती वीज तयार करणारी नाही, स्वयंपाकासाठी वाफ देणारी आहे. पण इथल्या उन्हावर मोठे काम चालू शकते हे तिने दाखवून दिले.

आपल्याकडे १ किलोवॅटचा संच वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण ४ युनिट देतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवस, धूळ आणि बंद पडलेली लाईट धरून वर्षाला १,४०० युनिट धरावेत. कोणी याहून फार मोठा आकडा सांगत असेल तर तो त्याच्याकडून लिहून घ्यावा.

ऊन कडक तेवढी वीज जास्त असेही नाही. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते, म्हणजे दहा-बारा टक्के वीज तिथेच जाते. पत्र्याला अगदी चिकटवून बसवलेले पॅनेल जास्त तापते. म्हणून खालून हवा खेळेल इतके अंतर ठेवायला सांगावे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे. नगर साधारण १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे १५ ते २० अंशांचा उतार योग्य.

खरा शत्रू सावली. पाण्याची टाकी, कडुनिंबाची फांदी, शेजारचा मोबाइल टॉवर किंवा जिन्याची खोली यांपैकी कशाचीही सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्या रांगेतील बाकीच्या पॅनेलचे उत्पादन घटू शकते. सावली उन्हाळ्यात तपासू नये. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावली आखूड पडते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तपासावी. त्या दिवसांत भर दुपारी टाकीच्या उंचीएवढी सावली पडते आणि सकाळी नऊच्या सुमारास ती उंचीच्या दुपटीच्या आसपास जाते. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत ज्या जागेवर सावली येत नाही तीच जागा मोजावी. १ किलोवॅटला चालण्याची वाट धरून साधारण १०० चौरस फूट लागतात. शेजाऱ्याचा आणखी एक मजला चढवण्याचा विचार आहे का, हेही सहज विचारून घ्यावे.

छपराची ताकद पाहणे तेवढेच महत्त्वाचे. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब उत्तम. लोखंडी पत्र्याच्या शेडचे कैचे आणि अँगल जाणकाराला दाखवावेत. पॅनेलच्या वजनापेक्षा वळवाच्या वाऱ्याची ओढ जास्त धोक्याची असते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर किंवा वाड्याच्या मातीच्या धाब्यावर हे काम करू नये. आणखी एक गोष्ट साखरपट्ट्यातील वाचकांसाठी. कारखान्यांच्या गळीत हंगामात चिमणीची काजळी उडत असेल तर ती पॅनेलवरही बसते. तिथे दर आठवड्याला धुण्याची तयारी हवी आणि गच्चीवर पाणीही हवे.

दुसरी परीक्षा : दिवसाचा वापर

ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि कोटेशनमध्ये नेमकी तीच नसते. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट वहीत लिहा, बेरीज करा, कामाच्या दिवसांनी भागा. रोजचा वापर निघेल. नंतर तीन दिवस सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मीटर वाचा. दिवसाचे युनिट किती आणि रात्रीचे किती, ते समजेल.

धंद्यानुसार हा आकडा फार बदलतो. पिठाची गिरणी, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, लाकूड कापण्याची वखार, शिलाईचा कारखाना, छापखाना यांचे काम मुख्यतः दिवसा चालते. त्यांना सोलर मानवते. कोल्ड्रिंक्सच्या दुकानातील फ्रीजर रात्रंदिवस चालतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक वापर उन्हाबाहेरचा. बेकरीत मैदा मळण्याचे मशीन मध्यरात्रीनंतर सुरू होत असेल तर तिचा दिवसाचा वापर अगदी थोडा निघेल. कापड आणि चप्पल-बुटांच्या दुकानांचा वापर संध्याकाळी दिव्यांचा, आणि रमजानमध्ये तर बाजार रात्रीच भरतो.

"पण नेट मीटर रात्रीचे युनिट वळते करून घेतो ना?" असे कोणी विचारील. घेतो, पण अटी आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरचे नियम प्रथम २०१५ साली केले आणि २०१९ साली त्या जागी नवे आणले. त्यांनुसार जास्तीचे युनिट पुढच्या बिलात जमा होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी जे उरतात ते आयोगाने ठरवलेल्या दराने खरेदी केले जातात आणि हा दर आपल्या बिलातील दरापेक्षा बराच कमी असतो. ज्यांच्या मीटरला वेळेनुसार वेगळा दर लागू आहे त्यांनी दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरात कसे वळते होतात हे महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारावे. दर आणि सवलतीच्या वेळा आयोगाच्या आदेशाने बदलत राहतात. सबब ज्याचा पाया दिवसाच्या वापरावर आहे तोच हिशेब टिकतो.

तिसरी परीक्षा : जोडणी

बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. सौर संच त्याच्या मर्यादेत बसतो की नाही ते आधी पहावे. भार वाढवावा लागला तर स्थिर आकारही वाढतो, आणि तो सोलरने कमी होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या भागातील डीपी. एकाच रोहित्रावर अनेकांनी सोलर बसवले असेल तर क्षमतेची अडचण येऊ शकते.

केंद्र सरकारने २०२४ साली वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज पूर्ण भरलेला असेल तर तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय तो मंजूर मानायचा आहे. त्यापेक्षा मोठ्या संचासाठी ही तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. छोट्या कारागिराला या नियमाचा उपयोग आहे. अर्ज दिल्याची पोच आणि तारीख मात्र जपून ठेवावी.

चौथी परीक्षा : पैसा

आता वहीतला हिशेब. खालील उदाहरण काल्पनिक आहे आणि किमती हिशेबापुरत्या धरल्या आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, एक फॅब्रिकेशनचे वर्कशॉप महिन्यात २६ दिवस चालते. रोजचा वापर ४० युनिट, त्यातले ३० दिवसाचे. वर्षाचा वापर १२,४८० युनिट. बिलातून स्थिर आकार वजा करून उरलेल्या रकमेला युनिटने भागले तर एका युनिटला ८ रुपये पडतात. हाच खरा दर, कारण सोलरने एवढेच पैसे वाचतात.

दिवसाचे ३० युनिट भागिले ४, म्हणजे साडेसात. आपण ७ किलोवॅट धरू. किलोवॅटला ५५,००० रुपये धरले तर खर्च ३,८५,०००. वर्षाचे उत्पादन ९,८०० युनिट, बचत ७८,४००. धुलाई, दुरुस्ती, विमा यांसाठी किलोवॅटला १,२०० प्रमाणे ८,४०० वजा केले की निव्वळ बचत ७०,००० उरते. पैसे साडेपाच वर्षांत सुटतात.

आता कंपनीवाल्याचे १५ किलोवॅट पाहू. खर्च ८,२५,०००. उत्पादन २१,००० युनिट. त्यातले १२,४८० आपल्या वापरात वळते झाले असे उदार मनाने धरले तर ९९,८४० रुपये वाचले. उरलेले ८,५२० युनिट ३ रुपयांनी गेले, त्यांचे २५,५६०. देखभालीचे १८,००० वजा केले की निव्वळ १,०७,४०० रुपये. पैसे सुटायला पावणेआठ वर्षे. वरवर पाहता फरक फार वाटत नाही. पण वाढीव ८ किलोवॅटचा हिशेब वेगळा मांडून पहा. त्यासाठी ४,४०,००० रुपये जास्त गेले आणि वर्षाला फक्त ३७,४०० जास्त मिळाले. या वाढीव रकमेला सुटायला पावणेबारा वर्षे लागतात. त्याच ४,४०,००० रुपयांत नवे मशीन किंवा कच्चा माल घेतला असता तर धंद्याने किती दिले असते, हे व्यापाऱ्याला आम्ही सांगायला नको.

वाईट वर्षाचाही हिशेब करावा. सात किलोवॅटच्या संचाचे उत्पादन सावली आणि काजळीमुळे १५ टक्के घटले तर निव्वळ बचत सुमारे ५८,००० वर येते आणि मुदत साडेसहा वर्षांच्या पुढे जाते. हेही परवडत असेल तर पुढे जावे. पॅनेल २५ वर्षे टिकते, पण इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. दहा वर्षांच्या आसपास तो बदलावा लागेल असे धरून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकावी.

रक्कम आणायची कुठून? समजा पूर्ण ३,८५,००० रुपये १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ८,१८० रुपये आणि महिन्याची बचत सुमारे ५,८३०. म्हणजे पाच वर्षे दरमहा सुमारे २,३५० रुपये खिशातून भरायचे, आणि व्याज लाखाच्या वर जाते. "हप्ता बचतीतूनच जाईल" हे वाक्य म्हणून तपासून घ्यावे. व्याजाचा व्यवहार न करणाऱ्या आपल्या वाचकांसमोर इतर वाटा आहेत. पहिली, स्वतःच्या पैशातून ३ किलोवॅटने सुरुवात करून नंतर वाढवणे. वाढवताना नव्याने अर्ज लागतो, आणि इन्व्हर्टर वाढीव क्षमतेला चालेल का हे आधीच पहावे लागते. दुसरी, नातेवाईक किंवा मित्राची भागीदारी, ज्यात प्रत्यक्ष झालेली बचत ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. तिसरी, संच कंपनीच्या मालकीचा आणि आपण फक्त ठरलेल्या दराने युनिट विकत घ्यायचे. या तिसऱ्या प्रकारात करार लांब मुदतीचा असतो. दर दरवर्षी किती वाढेल आणि करार मध्येच सोडला तर काय, ही दोन कलमे वाचल्याशिवाय सही करू नये.

अनुदानाबाबतही स्पष्टता हवी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतची मदत घरगुती जोडणीसाठी आहे. दुकान आणि कारखान्याच्या मीटरला ती मिळत नाही. खाली दुकान, वर घर आणि मीटर वेगळे असतील तर घराच्या मीटरचा विचार स्वतंत्रपणे करावा. व्यावसायिकाला दुसरा आधार आहे : आयकरात सौर संचावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. मात्र जे उलाढालीवर अंदाजी नफा दाखवून कर भरतात त्यांना तो वेगळा मिळत नाही. पॅनेल वगैरेंवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या कोटेशनमध्ये जुना दर असेल तर बदलून घ्यावा.

जागा भाड्याची असेल तर

आपल्यातील कितीतरी कारागीर भाड्याच्या गाळ्यात बसतात. करार ११ महिन्यांचा आणि पैसे सुटायला साडेपाच वर्षे, हा मेळ बसत नाही. गच्चीचा हक्क कोणाचा, मीटर कोणाच्या नावाचा, गाळा सोडताना संच कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मालकाच्या सहीने कागदावर हवीत. मालक तयार असेल तर अर्धा खर्च त्याचा, अर्धा आपला आणि भाड्यात तशी सोय, असेही करता येते. तोंडी भरवशावर मात्र दुसऱ्याच्या छपरावर लाखो रुपये बसवू नयेत.

जमीन असलेल्यांसाठी थोडेसे

काही वाचकांची तालुक्याच्या गावी पडीक जमीन आहे. २०१९ च्या केंद्रीय पीएम-कुसुम योजनेत उपकेंद्राजवळ ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे प्रकल्प बसतात. पण १ मेगावॅटला चार-पाच एकर जमीन आणि काही कोटी रुपये लागतात. हे एकट्या व्यापाऱ्याचे काम नव्हे. जमीन भाड्याने देणे सोपे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवली गेली. त्यासाठी पहिला प्रश्न एकच : उपकेंद्र किती जवळ आहे आणि सातबारा निर्वेध आहे का?

सौदा करताना

चारही परीक्षांत छप्पर उतरले की निदान तीन कोटेशने मागवावीत. नुसते किलोवॅटचे भाव न पाहता पॅनेलचा मेक, इन्व्हर्टरची वॉरंटी, अर्थिंग, वीजरोधक आणि लोखंडी सांगाड्याची जाडी यांची तुलना करावी. पहिल्या वर्षी किती युनिट निघतील हे लेखी घ्यावे, आणि तेवढे न निघाल्यास काय भरपाई, तेही. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून संच चालू झाल्यावरच द्यावा, नाहीतर पॅनेल छपरावर आणि अर्ज टेबलावर अशी अवस्था व्हायची. पक्के बिल घ्यावे, म्हणजे वॉरंटी आणि कर दोन्हींची सोय होते.

आणि एक काम सोलरच्या आधीचे. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावा, घासणारी मोटर दुरुस्त करा, कंप्रेसरच्या पाइपातील हवेची गळती बंद करा. त्यातून रोज ४ युनिट वाचले तर १ किलोवॅट कमी लागेल, म्हणजे ५५,००० रुपये पहिल्याच दिवशी वाचले.

सूर्य कोणाकडे बिल पाठवत नाही हे खरे. पण पॅनेल, इन्व्हर्टर आणि सांगाड्याचे बिल येतेच. ते देण्यापूर्वी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मीटर वाचा आणि वहीत दोन आकडे लिहून ठेवा : दिवसाचे युनिट आणि युनिटमागे वाचणारे रुपये. मग कंपनीच्या माणसाला बोलवा आणि किती किलोवॅट हवे ते तुम्हीच त्याला सांगा.